करवत काठ तसाच राहील, बाकीचं बोलू

जर्मनीतल्या दुकानदाराला करवतकाठी साडी (विदर्भातली कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, करवतीच्या दात्यांसारख्या काठाची साडी) दाखवली की तो हमखास म्हणतो, काठ छापून द्या, स्वस्त पडेल. नाही म्हणा. भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगाव-मोहाडीकडच्या मागांवर तीन धोटे (आडवा धागा नेणारी साधनं) चालवून काठाचा बाणा (आडवा धागा) अंगाच्या बाण्यात अडकवतात, म्हणून करवतीचे दाते दोन्ही बाजूंनी सारखे उठतात. छापील काठ कुणीही यंत्रमागाच्या कापडावर देईल, त्याला तुमची गरज उरत नाही. गावाकडच्या ज्या डिझायनर मुलामुलींना परदेशी ऑर्डर हव्यात, त्यांनी हे एक आधीच पक्कं करावं. रुंदी, लांबी, रंग मात्र खुशाल ग्राहकाच्या हाती द्यावेत.

जर्मनीत साडीपेक्षा स्टोल खपतो. २ मीटर लांबी आणि दोन्ही टोकांना १५ सेंटीमीटर झालर, म्हणजे नगाला २.३ मीटर ताणा (उभा धागा). १२ नगांना २७.६ मीटर, विणताना होणारी आकस आणि मागावर उरणारा शेवटचा तुकडा धरून ३० मीटर लावा. चार रंगांत तीन-तीन नग हवे असले तरी ताणा कोशाच्या मूळ रंगाचा एकच ठेवा, फक्त बाणा बदला. रंगागणिक ताणा भरला तर भरणीची मजुरी आणि वाया जाणारं सूत वाढतं, नफा तिथंच संपतो.

खरं भांडण होतं रंगावरून. कोसा ऐन-अर्जुनाच्या झाडावरचा; लॉट बदलला की कधी पिवळसर, कधी राखाडीकडे झुकतो. एकच नमुना पाठवला की ग्राहक सगळा माल त्याच्याशी ताडून बघतो आणि परत करतो. सर्वांत फिका, मधला आणि सर्वांत गडद असे तीन तुकडे पाठवा आणि यांच्यामधली कोणतीही छटा मान्य, असं लेखी घ्या. ब्लीच करून एकसारखा करायला जाऊ नका, धागा कमजोर होतो. पळसफुलांचा रंग देखणा, पण उन्हात उडतो. नमुना अर्धा पुठ्ठ्यानं झाकून दोन आठवडे उन्हाच्या खिडकीत ठेवा. फरक दिसला तर तो रंग पडद्यांना नको.

युरोपात लेबलवर धाग्यांची टक्केवारी लागते. काठ सुती असेल तर ‘१०० टक्के रेशीम’ लिहिता येत नाही, म्हणून विणण्याआधीच काठाचं सूत आणि अंगाचा कोसा वेगवेगळे तोला. अ‍ॅझो या कृत्रिम रंगांतून सुटणाऱ्या अमाइन्स नावाच्या घातक रसायनांना किलोमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे; रंग घेतानाच प्रमाणपत्र मागा.

भाव उलटीकडून काढा. दुकानातल्या ११९ युरोंत १९ युरो कर असतो. उरलेल्या १००तले निम्म्याहून जास्त दुकानदार ठेवतो. तुमच्याकडे येतात ४०-४५. एवढ्यात विणकराची मजुरी निघत नसेल तर काठ अरुंद करा, दाते कमी करा, पण विणलेलेच ठेवा. नमुन्याचे पैसे वेगळे घ्या आणि निम्मी रक्कम ताणा भरण्याआधी.

‘हे डिझाइन फक्त आमच्यासाठी’ अशी अट आली तर रंगसंगती द्या, तीही एका देशापुरती, एका हंगामापुरती. करवत द्यायचा अधिकार कुणा एकाचा नाही, तिची भौगोलिक निर्देशांकात (जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावावर) नोंद आहे. तुमचा स्वतःचा नवा नमुना मात्र भारतात १० वर्षांसाठी नोंदवता येतो, पुढे ५ वर्षं वाढतात. अर्ज फोटो टाकण्याआधी करा. इन्स्टाग्रामवर आधीच झळकलेला नमुना नोंदणीत नवा धरत नाहीत.