देवगडच्या माजघरात धुराची डबी

गेल्या डिसेंबरात तीन आठवड्यांची सुट्टी काढून देवगडला घरी गेले. बॅगेत आईला स्वेटर होता, भाचरांना चॉकलेटं होती आणि तळाला मोज्यांत गुंडाळलेल्या तीन पांढऱ्या डब्या होत्या. इथे अमेरिकेत प्रत्येक घराच्या छताला चिकटलेला असतो तो स्मोक अलार्म. सहा वर्षं मिनेसोटात राहून मला एक खोड लागली आहे: कुठल्याही खोलीत शिरले की आधी छताकडे बघते.

पहिली डबी मी हौसेने माजघराच्या तुळईला लावली. पहाटे आईने मागीलदारी आंघोळीच्या पाण्याचा हंडा चुलीवर चढवला आणि दोन चुडतं, म्हणजे माडाच्या सुक्या झावळ्या, पेटवली. धूर रोजच्या वाटेने माजघरातून कौलांकडे निघाला आणि डबी बोंबलली. ओटीखाली झोपलेला कुत्रा थेट आगरात पळाला. शेजारचे भाऊकाका कोयता घेऊन पायऱ्या चढले. "चोर इलो की काय गो?"

मी स्टुलावर चढून टॉवेल हलवत होते. आई शांतपणे म्हणाली, "धुराक काय भिवचां? धूर होतो म्हणान वासे टिकले."

तिचं बरोबरच होतं. धुराने काळे झालेले आमचे वासे आजोबांच्या आधीपासूनचे आहेत, वाळवीने त्यांना तोंड लावलेलं नाही. भिंती जांभ्या दगडाच्या, वर कौलं, कौलांमधून वारा खेळता. त्या घरात धुराला जायला हजार वाटा आहेत.

मिनेसोटात एकही नाही. तिथलं घर म्हणजे लाकडी सांगाडा, त्याला आतून जिप्समचे पत्रे आणि मधल्या पोकळीत थंडी अडवायला भरलेला कापसासारखा माल. बाहेर उणे पंधरा-वीस, म्हणून नोव्हेंबरात बंद झालेल्या खिडक्या एप्रिलपर्यंत उघडत नाहीत. सोफ्यात फोम, पायाखाली गालिचा. असं घर पेटलं तर माणसाला बाहेर पडायला कधी कधी जेमतेम दोन मिनिटं मिळतात. म्हणून प्रत्येक झोपायच्या खोलीत, खोल्यांबाहेर आणि प्रत्येक मजल्यावर डबी.

ही डबी फोडणी आणि आग यांत फरक करत नाही. मिरची तडतडली की बोंब. अमेरिकेतल्या एकूण एक मराठी घरात टॉवेल-नृत्य होतं आणि त्याला कंटाळून बरेच जण डबीचा सेलच काढून ठेवतात. मीही ठेवला होता.

मिनेसोटातल्या पहिल्या वर्षीची गोष्ट. नाताळची सुट्टी, चार मित्र जेवायला येणार, मी पुऱ्यांसाठी तेल तापत ठेवलं आणि घरून फोन आला. आईला बर्फ बघायचा होता. फोन घेऊन मी खिडकीशी गेले, मग बाल्कनीत गेले. आत आले तेव्हा कढईवर हातभर उंच ज्वाळा होती. बटण बंद केलं, पण विजेच्या शेगडीची ती लाल कड्यांची चकती बंद केली तरी बराच वेळ धगधगत राहते. नवऱ्याने तोवर नळाखाली पातेलं धरलं होतं.

"पाणी नको!" एवढंच मी ओरडले. मला हे माहीत होतं ते निव्वळ योगायोगाने. अमेरिकेत ऑक्टोबरात आग प्रतिबंधक सप्ताह असतो, १८७१ च्या शिकागोच्या मोठ्या आगीच्या आठवणीत. त्या दिवसांत बऱ्याच ठिकाणी अग्निशमन केंद्रं लोकांना आत येऊ देतात. मुलांना लाल गाडीत बसायला मिळतं म्हणून गर्दी असते. आम्ही फुकट पिझ्झ्यासाठी गेलो होतो, हे कबूल करते. तिथे एका जवानाने लांब दांड्याला पेला बांधून पेटत्या तेलात पाणी ओतून दाखवलं होतं. पाणी तेलाखाली जातं, क्षणात त्याची वाफ होते, ती हजारपटीहून जास्त फुगते आणि जळतं तेल चहूकडे उधळते. पेलाभर पाण्याने दोन पुरुष उंच भडका उठला होता.

तर मी ओट्यावरची परात उचलली, लाटलेल्या पुऱ्यांसकट उलटी केली आणि बाजूने सरकवत कढईवर झाकली. ज्वाळा कडेने दोनदा जीभ काढून बघून गेली आणि मेली. अर्धा तास आम्ही ती परात हलवली नाही. झाकण लवकर उचललं की गरम तेल पुन्हा पेट घेतं. पुऱ्या फरशीवर, भिंत काळी, आणि डबी गप्प, कारण तिचा सेल खणात.

१८९६ साली स्थापन झालेली नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन ही अमेरिकेतली या विषयातली जुनी संस्था. तिच्या नोंदींप्रमाणे घरात स्वयंपाकामुळे लागणाऱ्या आगी सर्वात जास्त थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या मोठ्या सणाच्या दिवशी लागतात. मेणबत्त्यांच्या आगींचा मोसम डिसेंबर. मग ते ख्रिसमसचं झाड. अस्सल झाड आणलं तर बुंध्याशी रोज पाणी घालावं लागतं, नाहीतर आठ-दहा दिवसांत ते कोरडं ठक्क होतं. सुकं चुडत कसं भडकतं हे देवगडच्या माणसाला सांगायला नको. ते झाड म्हणजे चुडताचंच गोरं भावंड, फक्त ते बैठकीच्या खोलीत, पडद्याशेजारी, दिव्यांच्या माळा गुंडाळून उभं केलेलं असतं.

हीटरचेही नियम. तीन फुटांच्या आत काही नको, पांघरूण नको, सोफा नको. वायर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये, एक्स्टेन्शन बोर्डाला कधीच नाही. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आजी आठवली. चुलीच्या तोंडाशी काटकी पडलेली दिसली तर ती ओरडायची. निजायच्या आधी निखारे राखेत पुरायची. निरांजन ताम्हणात ठेवायची, पडद्याजवळ कधीच नाही. गवताची उडवी घरापासून लांब, न्हाणी मागीलदारी. हे सगळं ती कुठल्या पत्रकात वाचून शिकली नव्हती.

पण आजीचे नियम चुलीचे होते, आणि आमचं घर आता नुसतं चुलीचं राहिलेलं नाही. भावाने आगराच्या बाजूला पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्यात. वर स्लॅब, सरकत्या काचा, जाड पडदे, फोमच्या गाद्या, प्लायवूडचं कपाट, एसी. डिसेंबरात मुंबई-पुण्याची माणसं येतात तेव्हा दोन्ही भरलेल्या. मी सहज डोकावले तर पलंगाखाली एकच एक्स्टेन्शन बोर्ड, त्यात किटली, इस्त्री, तीन चार्जर आणि नाताळची चमचम माळ, आणि वायर चटईखालून गेलेली. हात लावला तर प्लग कोमट. हे तर माझं मिनेसोटाचं घरच, फक्त डबी नसलेलं.

भाऊ म्हणाला, "आजवर काय झाला नाय." मी वाद घातला नाही. उरलेल्या दोन डब्या त्या खोल्यांत लावल्या आणि माजघरातली काढून आईच्या झोपायच्या खोलीत. चूल पेटते तिथे तिचा उपयोग नाही, तिथे आईचं नाकच बरं. आणि जास्त वीज खाणाऱ्या सामानासाठी भिंतीत स्वतंत्र पॉइंट काढून घेतले. त्या इलेक्ट्रिशियनने माझं सगळ्यात जास्त ऐकलं, कारण पैसे मी देत होते.

मग गॅस. शेगडीमागची नारिंगी नळी मी विजेरीने बघितली. ती पाच वर्षांनी बदलायची असते, हिच्यावर २०१३ छापलेलं. सिलिंडर ट्रॉलीच्या बंद कप्प्यात. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर वर जात नाही, सापासारखा जमिनीलगत साचतो. म्हणून वास आला तर दारं-खिडक्या सताड उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा आणि दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. बाहेर येऊन १९०६ ला फोन. आईने हा नंबर कॅलेंडरवर दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहून घेतला. नळी दुसऱ्या दिवशी बदलली.

पाहुण्यांपैकी एकांनी रात्री गारठा वाटला म्हणून बार्बेक्यूची कोळशाची सिगडी खोलीत नेऊन दार लावून घेतलं होतं. भावाला तेवढ्यात दिसलं. कोळशाच्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, झोपलेला माणूस झोपेतच जातो, आणि धुराची ही डबी तो ओळखत नाही, त्याला वेगळी डबी लागते. हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "एवढी काय थंडी नाही हो इथे." मग सिगडी कशाला?

३१ डिसेंबरची मात्र मला खरी धास्ती. तेव्हा सड्यावरचं, म्हणजे कातळमाळावरचं गवत वाळून पिवळं झालेलं असतं आणि आंब्याच्या कलमांना मोहोर यायला लागलेला असतो. किनाऱ्यावरून लोक कागदी कंदील पेटवून आकाशात सोडतात. फोटोत छान दिसतात, आणि मग वारा नेईल तिथे उतरतात. वणव्यात कलमं होरपळलेला माणूस त्या कंदिलांकडे कसा बघतो ते मी भाऊकाकांच्या तोंडावर बघितलंय. त्यांनी आठवडाभर खपून बागेभोवती गवत कापून आग अडवणारी जाळरेषा काढली होती, तरी त्या रात्री बारा वाजता ते गड्यासोबत बागेतच बसून होते, हिरव्या डहाळ्या आणि पाण्याचे दोन कॅन घेऊन. गंमत बघा, मराठीत पाणी तापवणाराही बंब आणि आग विझवणाराही बंब. आमच्या वाडीत पहिलाच काय तो येऊ शकतो. दुसऱ्याला पाणंदीत वळायला जागा नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे काल रात्री आलेला आईचा फोन.

"गो, तुझी ती डबी बिघाडली. पालीसारखी चुकचुकता. रातभर झोप नाय."

सेल संपत आला की डबी अशी थांबून थांबून टुकटुकते. इथे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे करतात, त्याच दिवशी सेल बदलायची लोकांना सवय असते. मी आमच्या डब्यांचे बदलले आणि देवगडच्या विसरले. तिला म्हटलं, काढून खणात ठेवू नकोस, नऊ व्होल्टचा चौकोनी सेल मिळतो, भाऊला सांग.

"तो खय मिळतलो आता?"

आज सकाळी भावाचा मेसेज आला. दुकानात नव्हता. भजनाच्या बुवांच्या माईकला तोच लागतो, त्यांच्याकडून एक उसना आणलाय, शनिवारच्या भजनाआधी परत करायचा आहे.