ओरॅकलचं डीकोड पोस्टग्रेसमध्ये आणताना

ओरॅकल डेटाबेसवरून पोस्टग्रेस डेटाबेसवर येताना डीकोड (एका व्हॅल्यूची दिलेल्या पर्यायांशी तुलना करून जुळणाऱ्याचं उत्तर देणारं ओरॅकलचं फंक्शन) वापरणाऱ्या क्वेरीज अडतात, कारण पोस्टग्रेसमधलं डीकोड वेगळंच काम करतं, ते टेक्स्टचा बायनरी डेटा करतं. मग आपलंच फंक्शन लिहायचं, एनीएलिमेंट टाइप (म्हणजे कुठलाही डेटा टाइप चालेल असा) घेऊन, आत केस (अटीनुसार शाखा निवडणारी एसक्यूएलची रचना). पण खरी गोम नलमध्ये, म्हणजे व्हॅल्यूच नसण्यात आहे, ओरॅकलचं डीकोड दोन नल समान धरतं आणि साधं बरोबरचं चिन्ह तसं धरत नाही, म्हणून तुलना ‘इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम’नेच करा, हे प्लीज विसरू नका!

अजून एक, केस लागेल तीच शाखा चालवतं, फंक्शनला मात्र सगळे आर्ग्युमेंट्स साधारणपणे आधीच काढून दिले जातात, त्यामुळे शून्याने भागाकार टाळायला लिहिलेली अटच एरर देऊ शकते. अशा ठिकाणी सरळ केस लिहिलेलं मला जास्त पटतं.