आठ जीबीचं कार्ड आणि धुळ्याचा मे महिना

मार्चमध्ये हौसेनं २७ इंची १४४०पी (२५६० बाय १४४० पिक्सेलचा) मॉनिटर घेतला आणि मे लागेपर्यंत गेम अडखळायला लागला. एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) सरासरी ७० दिसायचे, पण कोपऱ्यावर कॅमेरा वळवला की चित्र अर्धा सेकंद गचकन थांबायचं. समोरची भिंत आधी सारवल्यासारखी सपाट, दोन-तीन सेकंदांनी तिच्यावर विटा उगवायच्या.

धुळ्यात मेमध्ये काहीही बिघडलं तरी पहिला संशय उन्हावर. मित्र म्हणाला, "भाऊ, कार्ड तापतंय." कार्ड म्हणजे गेमची चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड. म्हणून हॉलमधला कूलर ओढत माझ्या खोलीत आणला, कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढून ठेवला. (उघड्या कॉम्प्युटरवर कूलरची ओली हवा सोडणं हा शुद्ध येडेपणा होता, हे आता कळतं.) कार्डाचं तापमान ८१ वरून ७२ वर आलं, अडखळणं तसंच. मग दुकानदाराचं ऐकून रॅम १६ची ३२ जीबी केली. झटके किंचित कमी झाले, त्यामुळे आणखी आठवडाभर मी चुकीच्याच वाटेनं गेलो.

शेवटी एका रात्री गेमशेजारी टास्क मॅनेजर उघडून बसलो. 'डेडिकेटेड जीपीयू मेमरी', म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, ८ पैकी ७.७ जीबी. आणि कॅमेरा वळवताना खालचा 'शेअर्ड'चा (कार्डानं साध्या रॅममधून उसनी घेतलेल्या मेमरीचा) आकडा ०.४ वरून २.६ जीबीवर चढला. घोडं इथे पेंड खात होतं! माझ्या कार्डाच्या मेमरीचा वेग सेकंदाला ४४८ जीबी. ती भरली की उरलेला माल साध्या रॅममध्ये जातो आणि माझ्या जुन्या बोर्डाच्या पीसीआय एक्सप्रेस ३.० स्लॉटमधून जास्तीत जास्त सेकंदाला १६ जीबीच्या वेगानं कार्डापर्यंत येतो. सरासरीत हे दिसत नाही, '१ टक्का लो'मध्ये (सगळ्यात संथ एक टक्का चित्रांच्या एफपीएसमध्ये) दिसतं.

मग सगळा राग रिझोल्यूशनवर काढला, तोही अर्धवटच बरोबर होता. १०८०पीला साधारण २०.७ लाख पिक्सेल, १४४०पीला ३६.९ लाख, ४केला ८२.९ लाख. पण पिक्सेलमागे चार बाइट धरले तर ४केचं एक अख्खं चित्रसुद्धा ३३ एमबीच. गेम अशी बरीच चित्रं एकावेळी हाताशी ठेवतो, म्हणून फरक शेकडो एमबींत जातो. तरी खरा खादाड टेक्सचर, म्हणजे भिंती-जमिनीवर चिकटवलेली चित्रं. ४०९६ बाय ४०९६ चं एक टेक्सचर कॉम्प्रेस करूनही १६ एमबी, आणि गेममधल्या गावभर अशी शेकडो. जुन्या १०८०पी मॉनिटरवर माझं 'अल्ट्रा' (टेक्सचरची सगळ्यात वरची पातळी) कसंबसं मावत होतं, नव्या मॉनिटरनं फक्त शेवटची काडी टाकली.

अपस्केलिंग (चित्र लहान काढून मोठं करून दाखवणं) 'क्वालिटी'वर लावून पाहिलं. आतून ९६०पी, तरी मेमरी फार उतरली नाही, कारण टेक्सचर तेवढीच. टेक्सचर 'अल्ट्रा'चं 'हाय' केलं, रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश-सावल्यांचा हिशेब) बंद केलं, मागचा ब्राउझर बंद केला. ६.५ जीबी! भिंतीवर विटा पहिल्यापासून हजर. 'हाय' आणि 'अल्ट्रा'तला फरक मला नाक स्क्रीनला लावूनही धड सांगता आला नाही.

नवं कार्ड घेईन तेव्हा १४४०पीसाठी १२ जीबीच्या खाली बघणार नाही, ४केचा विचार असेल तर १६. तोवर 'हाय' जिंदाबाद.

दुसऱ्या दिवशी आई दारात येऊन म्हणाली, "व्हयनं का थंड तुन्हं मशीन?" आणि उत्तराची वाट न बघता कूलर हॉलमध्ये ओढत घेऊन गेली.