पाहुणं व्हायलाही शिकवायला हवं

रविवार रात्र, आगमनकाळ (नाताळच्या आधीचे आठवडे)

पोरांना पाहुण्यांचं स्वागत शिकवायचं काम चर्चच्या मंडळीने माझ्याकडे दिलं तेव्हा मी चर्चच्या दारापासून सुरुवात केली. शब्बाथ शाळेतल्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या, धाकट्यांनी दाराबाहेरच्या चपला नीट लावायच्या. चौथी-पाचवीतल्यांनी पाणी द्यायचं. मोठ्यांनी नव्या माणसाला 'सलाम' घालायचा, त्याच्या शेजारी बसायचं आणि गीताचा नंबर काढून पुस्तक त्याच्या हातात द्यायचं. कन्नड बोलणारं कुणी आलं तर कपाटातलं कन्नड पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आणून द्यायचं. कर्नाटकाच्या सीमेवरच्या निपाणीच्या या पट्ट्यात कन्नड ओळखायला शिकवणी लागत नाही. आमची निम्मी पोरं कन्नड शाळेत जातात, घरी मराठी बोलतात आणि बाजारात दोन्ही.

पाणी द्यायचं मात्र शिकवावं लागलं. भांडं काठोकाठ भरायचं नाही, सांडतं. देताना माणसाकडे बघायचं. आणि त्याचं पिऊन होईपर्यंत तिथून हलायचं नाही, कारण रिकामं भांडं हातात धरून बसलेला पाहुणा अवघडतो. आमच्यातला एक तिसरीतला पोरगा पाणी देऊन असा उभा राहतो की पिणाऱ्याला वाटावं, याला आज दुसरं कामच नाही. त्याच्याकडे बघून मला अब्राहाम आठवतो. बायबलातल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात भर उन्हाचा तो आपल्या तंबूच्या दारात बसलाय, समोर तीन माणसं दिसतात, तर म्हातारा धावत जातो. तोंडाने म्हणतो 'भाकरीचा तुकडा आणतो', आणि आत जाऊन बायकोला, सारेला, तीन मापं सपीठ मळायला सांगतो. तीन मापं म्हणजे आजच्या हिशोबाने वीस लिटरच्या वर पीठ! वासरू कापतो, दही-दूध आणतो, आणि ते जेवत असताना झाडाखाली त्यांच्याजवळ उभा राहतो. उभा राहतो, हे मला फार आवडतं.

हा पाठ पोरांना छान जमलाय. पण गेले काही दिवस मला एक गोष्ट टोचतेय, ती आज डोळ्यांपुढे आली.

दुपारी उपासना झाल्यावर पोरांना घेऊन गावाबाहेरच्या कोप्यांवर, ऊसतोड कामगारांच्या झोपड्यांवर, गेलो. दिवाळी सरली की आमच्याकडे साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. ही टोळी बीडकडची. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन येतात, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, पहाटेच्या अंधारात फडात शिरतात. रविवार असो की सण, कारखाना थांबत नाही म्हणून तोडही थांबत नाही. आज त्यांची गाडी लवकर भरली होती, त्यामुळे बायका कोपीवर होत्या. एकजण वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधत होती, आपल्याकडचे शेतकरी जनावरांना विकत नेतात त्या.

आमच्या पोरांनी नाताळचं आमंत्रण दिलं, बिस्किटांचे पुडे वाटले, एक गीत म्हटलं. सगळं शिकवल्यासारखं. निघताना तिथल्या एका मावशींनी आम्हाला थांबवलं. "बसा की बाई. लेकरं दाराशी आलीत, तशीच कशी धाडू?" पोतं झटकून अंथरलं. तीन दगडांच्या चुलीवर भगुलं चढलं, गुळाचा कोरा चहा उकळला. कप पुरेनात, तर शेजारच्या कोपीतून दोन पेले आले, एक स्टीलची वाटी आली. सोबत सकाळच्या बाजरीच्या भाकरीचे तुकडे आणि वर तिखट.

आणि आमची पोरं आकसली. जी पोरं चर्चच्या दारात इतक्या मोकळेपणाने पाणी देतात, ती हात मागे घेऊन उभी. एक म्हणाली, "नको, आम्ही जेवून आलोय." दुसरा माझ्याकडे बघायला लागला. एकाने पेला घेतला आणि तसाच धरून ठेवला. मावशी काही बोलल्या नाहीत, पण वाटी पुढे केलेला त्यांचा हात क्षणभर तसाच राहिला, तो मी पाहिला. मी पोत्यावर बसले, वाटी घेतली, भाकरीचा तुकडा मोडला. मग तो तिसरीतला माझ्याजवळ येऊन बसला आणि खायला लागला. आमच्याकडे जोंधळ्याची भाकरी, त्याला बाजरी नवी. त्याने मावशींना विचारलं, "काळी का हो ही?" त्या हसल्या, बीडच्या आपल्या रानाचं सांगायला लागल्या. तिकडे पाऊस किती कमी, बाजरी कशी तगते, घरी सासू एकटीच कशी आहे. एवढा वेळ त्या आमचं ऐकत होत्या. भाकरी आम्ही घेतली तेव्हा त्या बोलायला लागल्या. हळूहळू बाकीची पोरंही बसली. सगळी नाही.

परतताना वाटेत सहावीतली एक माझ्याबरोबर चालत होती. म्हणाली, "बाई, अब्राहामपण तंबूतच राहत होता ना? मग त्या गोष्टीत आपण कोण?"

इतकी वर्षं ती गोष्ट सांगतेय, पोरं कायम अब्राहाम होतात. गोष्टीतला यजमान आपण, हे धरूनच चाललेलं. पण खरंच, कनान देशात अब्राहाम उपरा होता. त्याची स्वतःची जमीन नव्हती, सारा वारली तेव्हा मूठमातीसाठीसुद्धा त्याला तिथल्या हेथी लोकांकडून जागा विकत घ्यावी लागली. आमच्या शिवारात आज तंबूत कोण राहतं? दाराशी आलेल्याला बसवून घेऊन, घरात होतं ते पुढ्यात कुणी ठेवलं? ती पोरगी उत्तराची वाट बघत होती. मी म्हटलं, "आज आपण ते तीन पाहुणे." तिने मान हलवली आणि पुढे पळाली.

आता शास्त्र उघडून बसलेय, तर जिकडेतिकडे हेच दिसतंय. एलीया सारफथच्या विधवेकडे आधी पाणी मागतो, मग भाकरी. सारफथ सीदोनाच्या मुलखातलं, म्हणजे ती बाई परकी, आणि तिच्याकडे मडक्यात मूठभर पीठ नि कुपीत थोडं तेल, एवढंच. तरी देव आपल्या संदेष्ट्याला तिच्याच दाराशी पाठवतो. प्रभू येशू शोमरोनी बाईकडे विहिरीवर पाणी मागतो, जिच्या जातीच्या हातचं त्याच्या लोकांना चालत नव्हतं. जक्कय या जकातदाराला तो झाडावरून खाली बोलावतो ते 'माझ्या घरी ये' म्हणून नव्हे, 'आज मला तुझ्या घरी उतरायचंय' म्हणून. मार्था-मरीयेच्या घरी पाहुणा, शिमोन नावाच्या परुश्याच्या, म्हणजे कडक नियम पाळणाऱ्या यहूदी पंथातल्या माणसाच्या, घरी पाहुणा, आणि अम्माऊस गावात वाटेत भेटलेल्या दोघा शिष्यांनी आग्रह केला म्हणून थांबलेला पाहुणा. शुभवर्तमानांत, म्हणजे त्याच्या चरित्राच्या पुस्तकांत, तो दुसऱ्याच्या ताटावर किती वेळा बसलाय! 'मी परका होतो तेव्हा तुम्ही मला घरात घेतले' हे वचन पोरांना पाठ आहे, पण त्यात बोलणारा प्रभू पाहुण्याच्या जागेवरून बोलतोय, यजमानाच्या नव्हे. हे मी त्यांच्यापुढे नीट ठेवायला हवं.

पंडिता रमाबाईंचंही सांगायला हवं. १८५८ साली पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात, म्हणजे आजच्या कर्नाटकातच, मराठी घरात जन्मल्या. लहानपण आईवडिलांबरोबर तीर्थं हिंडण्यात, पुराणं सांगण्यात गेलं. लोक घालतील ते खायचं. दुष्काळात आईवडील गेले. पुढे १८९६च्या दुष्काळात याच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती मिशन उभं राहिलं. दुसऱ्याच्या ओट्यावर बसून खाण्याने काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. माझं मन सांगतं, त्यांच्या घराचं दार त्यातूनच इतकं रुंद झालं.

नुसतं द्यायला शिकलेलं पोर दयाळू होईल, पण त्याच्या दयेला एक उंची चिकटते. देणारा वर, घेणारा खाली. आमच्या या भागात कुणाच्या घरचं पाणी चालतं, कुणाचं नाही, यावर पिढ्यान्‌पिढ्या माणसं तोलली गेलीत. आमच्यातल्या कितीतरी घरांच्या आजी-पणजींनी ते सोसलंय, ओंजळीत वरून पाणी घेतलंय. त्यांची पतवंडं आज कोपीतली भाकरी नाकारतात, हे मला सहन होत नाही. पोरांवर राग नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की घेणं हाही मान देण्याचा प्रकार आहे. घरी काही आया म्हणतील, बाई, तिथलं पाणी कसं असेल, पोर आजारी पडलं तर? काळजी खरी आहे, आणि उकळलेल्या चहाला ती लागू नाही, हे मी त्यांना सांगेन.

पुढच्या रविवारी लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय घेते. प्रभूने सत्तर जणांना दोघेदोघे करून पाठवलं, पिशवी, झोळी, वहाणा काही घ्यायचं नाही, आणि ज्या घरात उतराल तिथे पुढ्यात वाढतील ते खा. वाचून झालं की लगेच करायचं. आमच्या मंडळीत एकट्या राहणाऱ्या आज्या आहेत, नाताळला आपण त्यांना दरवर्षी फराळाची पिशवी देतो आणि पाच मिनिटांत निघतो. या वेळी पोरांना जोडीजोडीने त्यांच्याकडे जेवायला पाठवायचं. आज्यांना मी उद्या विचारून येते. एकीने तर मागेच म्हटलं होतं, माझ्या हातचं कुणी खात नाही आता. ज्यांना झेपणार नाही त्यांच्याकडे नुसता चहा.

कोपीवरच्या मावशींनाही विचारायचंय, त्यांच्या एखाद्या मोकळ्या संध्याकाळी पुन्हा आलो तर चालेल का. आज जी पोरं बसली नाहीत त्यांना आधी न्यायचं.

आईवडिलांच्या ग्रुपवर आत्ताच निरोप टाकते: पुढच्या रविवारी पोरांबरोबर डबा, खाऊ, बिस्किटाचा पुडा, काही म्हणजे काही देऊ नका.