अख्खं कुटुंब पायी असताना

हवाई द्वीपसमूहातल्या काउआई बेटावर लिहुए विमानतळाला लागूनच गोल्फचं मैदान. आखूड गवत, तळी, आणि या बेटावर मुंगसांनी बस्तान बसवलेलं नाही. नेनेला, म्हणजे हवाईच्या रानहंसाला, आणखी काय हवं? पण दोन किलोचा पक्षी इंजिनात शिरला तर काय, या धास्तीने 2011 ते 2016 या काळात सहाशेहून जास्त नेने इथून माउई आणि हवाई बेटांवर हलवले गेले. त्यातल्या एका कुटुंबाचा हा दिवस.

पकडायचं ते पिसं झडतात तेव्हाच. विणीनंतर मोठ्यांची उड्डाणपिसं एकदम गळतात, चार ते सहा आठवडे ती जमिनीवरच. पिल्लंही दहा-बारा आठवड्यांची होईपर्यंत उडत नाहीत.

पहाटेच सुरुवात केली. ऊन चढलं की पक्षी चोच वासून धापा टाकतो, आणि फार पळवला तर स्नायू निकामी होऊन नंतरही दगावतो. जाळीच्या दोन भिंती नरसाळ्यासारख्या उभ्या करून आम्ही मागून सावकाश चालत गेलो. नर मान जमिनीलगत ताणून फुसफुसत अंगावर आला. मादी पिल्लं घेऊन मुकाट आत. एक पिल्लू खालच्या फटीतून निसटलं. ते हाती लागेपर्यंत बाकीचे सावलीत, कारण अर्धं कुटुंब हलवण्यात अर्थ नसतो.

पंख मिटवून पक्षी काखेत धरायचा, डोक्यावर मऊ मोजा. अंधार झाला की तो निवतो. नवी पिसं निळसर नळ्यांसारखी, आत रक्त. एक जरी पिचली तरी भळभळते. पिशवीत वजन, मग एका पायात ॲल्युमिनियमची कडी, दुसऱ्यात अक्षरांची प्लास्टिकची. कडी सहज फिरली पाहिजे, पण निसटता कामा नये. बोटांमधला पडदा बदकापेक्षा बराच आखूड: लाव्हावर चालणारा पक्षी हा.

हे कुटुंब जाणार होतं त्या हवाई बेटावर मात्र मुंगूस आहे, मूळचं आपल्याकडचंच. 1883 मध्ये उसातले उंदीर मारायला जमैकाहून आणलं. उंदीर रात्रीचे, मुंगूस दिवसाचं. उंदीर राहिले, नेनेंची अंडी-पिल्लं गेली. शिकारीचीही भर पडली आणि 1950 च्या सुमारास रानात जेमतेम तीस पक्षी उरले.

म्हणून कुटुंब सोडलं ते वरून उघड्या, पण मुंगूस-मांजर शिरणार नाही अशा कुंपणात. पिल्लू जिथून पहिल्यांदा उडतं, तिथेच पुढे राहतं. मोठ्यांचं तसं नाही. पंख आल्यावर त्यांच्यातले काही सुमारे 500 किलोमीटर उडून काउआईला परतलेही. त्यामुळे दुर्बिणीतून कडी वाचताना आधी शोधायची ती पिल्लांची.