टोपी काढायची की ठेवायची?

तालुका कोर्टात पहिल्या दिवशी मला पडलेला प्रश्न कायद्याचा नव्हता. मंगळसूत्र बँडच्या (वकिलाच्या गळ्यातल्या पांढऱ्या पट्टीच्या) आत घालायचं की बाहेर? सीनियरना विचारणं शक्य नव्हतं. बाररूममध्ये, म्हणजे वकिलांच्या खोलीत, एक वयस्कर वकीलबाई असायच्या, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, “ते कोण बघतंय गं! बाथरूमची किल्ली नाझरकडे असते, ती आधी मागून घे.” (नाझर म्हणजे कोर्टाच्या कचेरीतला अधिकारी.) सनद मिळाल्यानंतर मला मिळालेला पहिला उपयोगी सल्ला तो.

हे आठवलं ते इक्विटी क्लबची पत्रं वाचताना. १८८६ साली अमेरिकेत, मिशिगन विद्यापीठाच्या लॉ स्कूलमधल्या विद्यार्थिनींनी आणि तिथून शिकून गेलेल्या काहीजणींनी हा क्लब काढला. क्लब म्हणजे हॉल नाही, चहापान नाही, नुसती पत्रं. प्रत्येकीने वर्षातून एक पत्र लिहून पाठवायचं, ती एकत्र करून सगळ्यांना फिरवायची. १८८७ ते १८९० एवढाच काळ तो चालला आणि सगळ्या मिळून सभासद ३२. एकीचं ऑफिस बोस्टनला, दुसरीचं इलिनॉयमधल्या एखाद्या लहान गावात. आपल्या कोर्टात आपण एकट्याच बाई, हे बहुतेकींचं सारखं. स्वित्झर्लंडहून एमिली केम्पिनही लिहायच्या. त्यांनी झुरिकला कायद्याची डॉक्टरेट मिळवली होती, पण वकिलीची परवानगी नव्हती.

या बायका मताधिकाराच्या चळवळीतल्या, तेव्हा पत्रांत मोठमोठी भाषणं असतील अशी माझी समजूत. तसं थोडं आहेही. पण मी थबकले ती लिलिया रॉबिन्सनच्या टोपीपाशी. बाई वकिलाने कोर्टात युक्तिवाद करताना टोपी घालावी की काढावी, असा प्रश्न तिने १८८८ च्या पत्रात सरळ मैत्रिणींपुढे टाकला. हसू नका. त्या काळी सभ्य बाई चारचौघांत टोपी काढत नसे आणि वकील न्यायाधीशापुढे टोपी ठेवत नसे. म्हणजे उभं राहिल्या क्षणी ठरवायचं, आज मी आधी बाई की आधी वकील? आपल्याकडे डोक्यावरच्या पदराचं जे व्हायचं, त्याच जातीचं हे. माझ्या मंगळसूत्राचंही.

ही रॉबिन्सन काही भित्री नव्हे. बोस्टन विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन १८८१ साली तिने सनदेसाठी अर्ज केला. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च कोर्टाने सांगितलं, कायद्यात ‘नागरिक’ लिहिलंय खरं, पण त्यात बाई धरलेली नाही. मग ती विधिमंडळाकडे गेली, १८८२ मध्ये कायदा झाला आणि ती त्या राज्यातली पहिली स्त्री वकील झाली. (शब्दांची ही करामत आपल्याकडे जरा उशिरा आली. १९१६ साली रेजिना गुहांच्या अर्जावर कलकत्ता हायकोर्टाने ‘व्यक्ती’ या शब्दात बाई बसत नाही असं ठरवलं. आमच्या नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्येच ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा देऊन आल्या होत्या. पण बायकांना वकिलीची दारं कायद्याने उघडली ती १९२३ मध्ये.)

तर या रॉबिन्सनबाई पत्रात इतरजणींना बजावतात: ‘लेडी लॉयर’ होऊ नका, नुसत्या वकील व्हा, बाकीच्या वकिलांत आणि आपल्यात काही फरक आहे हे मानूच नका. वाक्य जोरदार आहे. पण बाई, फरक नसेल तर तो टोपीचा प्रश्न कुठून आला? मला यात ढोंग दिसत नाही. कोर्टात फरक नाही असं वागायचं आणि पत्रात मैत्रिणींना विचारायचं, “तू काय करतेस?” हे दोन्ही एकाच बाईला करावं लागतं. मीही करते. आमच्याकडे तर शब्दापासूनच अडचण आहे. ‘वकिलीणबाई’ म्हटलं की जुनी माणसं वकिलाची बायको समजतात. माझा नवरा शाळेत शिक्षक आहे. एका अशिलाने त्यालाच नमस्कार करून फाईल दिली होती.

कॅथरीन वॉचं पत्र मात्र मी दोनदा वाचलं. १८८६ ला पदवी घेऊन ही मुलगी शिकागोत ऑफिसामागून ऑफिसं हिंडली. काम मिळेना. शेवटी रॉकफर्डला, आपल्या गावी परत येऊन स्वतःची पाटी लावली. पुढे लग्न केलं ते वर्गमित्राशी, आणि दोघांनी एकत्र वकिली केली. इलिनॉयच्या बायकांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येऊ लागलं ते १९१३ मध्ये, त्या कायद्याचा मसुदा तिचाच. पण हे नंतरचं. मला आवडते ती हात हलवत परतलेली आणि तेही न लपवता मैत्रिणींना कळवणारी. आम्ही बाररूममध्ये फक्त जिंकलेल्या केसेस सांगतो.

क्लब काढणाऱ्यांपैकी लेटी बर्लिंगेम १८९० साली गेली, वय ३१. त्याच वर्षी पत्रंही थांबली. पुढच्या वर्षी रॉबिन्सन गेली.

आमचा पाच वकीलबायकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यात तारखा, स्टॅम्पचे दर, ‘आज साहेब रजेवर’ आणि सणांचे फुलांचे फोटो. मागच्या महिन्यात मी टोपीची गोष्ट टाकली. सगळ्यात धाकटी म्हणाली, “ताई, आपण पण लिहूया ना, वर्षाला एक. पण खरं लिहायचं.” दिवाळीच्या सुट्टीपर्यंतची मुदत ठरली आहे. माझं एक वाक्यही झालेलं नाही. सुरुवात फीपासून करायची एवढं नक्की आहे, कारण पोटगीच्या केसमध्ये नवऱ्याने टाकलेल्या बाईकडे फी कशी मागायची हे मला अठरा वर्षांत जमलेलं नाही, आणि बाकीच्या चौघी काय करतात ते मी कधी विचारलेलंही नाही.