गाडी कुठे लावायची

मी पुण्याहून फोटोग्राफीचे ग्रुप घेऊन केनियाला जातो. टूर लीडर म्हणा, मेंटॉर म्हणा. प्रत्यक्षात कामाचा मोठा भाग असतो तो यलो फीवरची लस निदान दहा दिवस आधी घेतली का हे विचारण्याचा, नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून उडणाऱ्या छोट्या विमानात १५ किलोच्या वर सामान चालत नाही हे तीन-तीनदा बजावण्याचा, आणि लेन्स टेकवायची बीनबॅग रिकामी आणा, तांदूळ तिकडे भरू, हे समजावण्याचा. अ‍ॅपर्चर आणि शटर स्पीड त्यानंतर.

आमच्याकडे येणारे बहुतेक जण ताडोब्यात तयार झालेले. जिप्सीत सहा जण, गाईड वेगळा, ड्रायव्हर वेगळा, ही सवय. मसाई मारात आल्यावर लँड क्रूझरमध्ये तिघंच बसतात, प्रत्येकाला दोन्ही बाजूंच्या खिडक्या मिळतात, आणि स्टीअरिंगवर असतो तोच गाईड. हा शेवटचा फरक लोकांच्या लक्षात फार उशिरा येतो. कित्येकांच्या येतच नाही. ते त्याला ड्रायव्हर समजून ‘जरा पुढे घे, जरा मागे घे’ करत राहतात.

मी सांगतोय तो दिवस ऑगस्टमधला, मारा ट्रँगलमधला. मारा नदीच्या पश्चिमेचा, ओलोलोलो कड्याच्या पायथ्याचा हा भाग. राखीव क्षेत्राच्या बाकीच्या भागापेक्षा इथली शिस्त कडक. एका प्राण्याभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत, इतर थांबले असतील तर दहा मिनिटांत जागा सोडायची. ऑगस्ट म्हणजे शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून लाखो विल्डबीस्ट, म्हणजे गाईएवढी दाढीवाली हरणं, आलेले, आणि प्रत्येकाच्या डोक्यात एकच फोटो: नदीत उड्या मारणारे विल्डबीस्ट, धूळ, जमलंच तर मगर.

आमच्या दोन गाड्या होत्या. माझ्या गाडीत चिंचवडचे एक निवृत्त इंजिनिअर, ज्यांना सगळे साहेब म्हणत. सहाशे मिलिमीटरची प्राइम लेन्स, म्हणजे लांबचं जवळ आणणारी पण झूम मागेपुढे न होणारी, नवीकोरी. दुसरे नाशिकचे एक डॉक्टर, दातांचे. तिसऱ्या सांगलीच्या एक शिक्षिका, आमच्या बाई. त्यांच्याकडे लेन्स न बदलता येणारा, लांब झूमचा छोटा कॅमेरा. मी पुढे, गाईडच्या शेजारी. गाईड मसाई, चाळिशीचा. केनियात गाईड लोकांच्या संघटनेच्या परीक्षा असतात, ब्रॉंझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्यांच्या. हा सिल्व्हर. आर्सेनल हरली की सकाळी तासभर गप्प असायचा. बाईंनी पहिल्याच दिवशी त्याला ‘भाऊ’ केलं होतं आणि तोही ‘हां ताई’ म्हणायला शिकला होता.

सकाळी सहाला नाश्त्याचे डबे घेऊन निघालो. दुसरी गाडी थेट नदीकडे गेली. आम्हीही तिकडेच निघालो होतो. वाटेत भाऊने वेग कमी केला, दुर्बीण लावली आणि म्हणाला, ‘डुमा.’ चित्ता.

वारुळावर मादी बसली होती, खाली गवतात तीन पिल्लं. मानेवरचे पांढुरके केस अजून पुरते गेले नव्हते, म्हणजे चार-पाच महिन्यांची असावीत. गाडीत अर्थातच ‘जवळ घ्या, जवळ घ्या’ सुरू झालं. भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये कुनोत नामिबियातून चित्ते आले, त्यामुळे आमच्या लोकांना या जनावराचं कौतुक जरा जास्तच.

भाऊने गाडी वळवली आणि मादीपासून लांब नेली.

साहेबांनी माझ्या खांद्यावर टकटक केली. ‘हा जातोय कुठे?’

तो जात होता कच्च्या रस्त्याच्या एका वळणावर. तिथे त्याने गाडी तिरकी लावली, सूर्य पाठीशी आणि उजव्या खिडक्या मोकळ्या माळाकडे. इंजिन बंद केलं. इंजिन चालू असलं की सहाशेवर थरथर दिसते, हे त्याला सांगावं लागत नाही. मादी आता इतकी लांब की व्ह्यूफाइंडरमध्ये बोटाच्या पेराएवढी. माळावर थॉमसन गझेलचा विखुरलेला कळप, ज्यांना तिकडे सगळे टॉमी म्हणतात. त्यातली एक मादी बाकीच्यांपासून फटकून एकटी उभी होती. भाऊने हनुवटीने तिच्याकडे खूण केली. ती चित्त्याला बघत होती, तरी पळत नव्हती आणि चरतही नव्हती. ‘हिचं पाडस जवळपास लपलंय. चित्त्यालाही ते ठाऊक आहे.’ टॉमीची आई पहिले काही आठवडे पिल्लाला गवतात बसवून स्वतः अंतर ठेवून राहते, हे आम्ही वाचलेलं असतं. एका उभ्या हरणाकडे बघून ते ओळखणं वेगळं.

मग मागे वळून त्याने साहेबांना सांगितलं, ‘ती मोठी ठेवा. छोटी लेन्स काढा.’ साहेब हसले. समोरचं जनावर इतकं लांब, आणि हा छोटी लेन्स काढायला सांगतोय!

आम्ही बसून राहिलो. काहीही होत नव्हतं. मादीने जांभई दिली. एका पिल्लाने दुसऱ्याचं शेपूट चावलं. डॉक्टरांनी आदल्या दिवशीचे फोटो डिलीट करायला घेतले.

आणि रेडिओ सुरू झाला. ‘न्युंबू, न्युंबू...’ नदीच्या काठावर विल्डबीस्ट गोळा झाले होते. दुसऱ्या गाडीच्या गाईडने कळवलं, कुठल्याही क्षणी उतरतील.

साहेब उसळले. ‘अहो, लाखो रुपये भरून मी गवत बघायला आलोय का? चला ना!’ डॉक्टरांचंही तेच म्हणणं. बाई म्हणाल्या, ‘मला काय, मी इथेच बरी आहे.’ अशा वेळी गाईड बोलत नाही. गाडी पाहुण्यांची असते, आणि त्याच्या कमाईत टिपचा वाटा मोठा. नाराज पाहुणा म्हणजे हलकं पाकीट. रस्ता सोडून गवतात गाडी घातली तर दंड, बंदी जे काय होईल ते त्याला, हट्ट धरणारा पाहुणा मात्र चार दिवसांनी मुंबईत. हे गणित मी इतक्या वेळा पाहिलंय की टिपचा आकडा सायटिंगवर, म्हणजे कुठलं जनावर दिसलं त्यावर, ठरवायचा नाही, हे मी निघण्यापूर्वीच सगळ्यांकडून वदवून घेतो.

मी त्याला विचारलं, तुझा अंदाज काय? तो म्हणाला, ‘रफीकी (म्हणजे मित्रा), क्रॉसिंग पाच मिनिटांत होईल किंवा संध्याकाळी. तिथे आपण तिसऱ्या रांगेत असू. इथे पहिल्या.’ मी थांबायचं ठरवलं. निर्णय माझा, त्यामुळे शिव्याही मला. साहेबांनी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि ते खिडकीबाहेर बघत बसले, म्हणजे चित्ता नव्हता त्या बाजूला.

भाऊ रस्ता सोडायला किंवा जवळ जायला का तयार नसतो, हे मी त्या रिकाम्या वेळात सांगत होतो. चित्ता दिवसा शिकार करतो, नजरेवर करतो, आणि गाड्यांचं कडं पडलं की बेत सोडून देतो. मारातल्याच चित्त्यांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यटक कमी असलेल्या भागात एका मादीची सरासरी २.३ पिल्लं जगून मोठी होतात, गर्दीच्या भागात ०.२. डॉक्टरांनी दशांश चिन्ह दोनदा विचारून घेतलं.

मादी उठली तेव्हा नऊ वाजत आले होते. पोट जमिनीला टेकवून, खांद्याची हाडं पाठीच्या वर काढत ती वारुळामागून उतरली आणि गवतात नाहीशी झाली. एकटी टॉमी शेपटी फडफडवत चार पावलं पुढे आली, मागे गेली. पाठलाग असा झालाच नाही. लहानशी झेप, एक बारीक किंकाळी, आणि मादी तोंडात पाडस धरून उभी. जिवंत पाडस. आणि ती सरळ आमच्या रस्त्याच्या दिशेने चालू लागली, कारण त्या वळणाशी गवत खुरटं होतं आणि पिल्लांना मोकळी जागा लागणार होती.

तिने पिल्लांना हाक दिली. चित्ता डरकाळी फोडत नाही, चिवचिवतो. पिल्लं धावत आली. तिने पाडस त्यांच्यापुढे खाली ठेवलं आणि दोन पावलं मागे सरली.

पुढची दहा-पंधरा मिनिटं मी या कामात पाहिलेली सगळ्यात अवघड. पाडस उठून उभं राहिलं, पाय लटपटत होते. पळायचं सोडून ते एका पिल्लाच्याच दिशेने गेलं. पिल्लू चक्क खाली बसलं. काय करायचं ते त्यालाही कळेना. मग पाडस पळालं, तिघं मागे, एकाने मागच्या पायावर पंजा मारून पाडलं. पाडल्यावर पुढे काय? गळा धरायचा हे माहीत नाही. एक कान ओढतंय, एक पाठीवर चढतंय. पाडस पुन्हा उठलं. आई पुन्हा गेली, धरून आणलं, पुन्हा ठेवलं.

गाडीत बाई डोळ्यांत पाणी आणून पुटपुटत होत्या, ‘अगं, मार ना गं एकदाची!’ डॉक्टर म्हणाले, हॉर्न वाजवून काही करता येईल का. भाऊने नुसती मान हलवली. मी माझं काम करत होतो: शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहून हळू नको, फोकस गवत धरतोय, पॉइंट लहान करा, बटण दाबून धरू नका. डॉक्टरांनी दाबूनच धरलं होतं, त्यामुळे बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी, भरला आणि ऐन वेळी कॅमेरा गप्प. साहेबांची अडचण वेगळीच. जनावरं आता इतकी जवळ की सहाशेच्या चौकटीत एका पिल्लाचं निम्मं तोंड मावत होतं. छोटी लेन्स बॅगेत, बॅग सीटखाली, आणि बॅग ओढली तर गाडी हलणार. त्यांनी ओढली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ते अर्ध्या तोंडांचे फोटो काढत राहिले.

शेवटी आईनेच गळा धरला. पाडस केवढंसं, पिल्लांनी बघता बघता संपवलं. लांबून एक तरस डुलत आलं तेव्हा आई पिल्लांना घेऊन निघालीही होती. तरसाच्या वाट्याला डोकं आणि खुर आले. दहाच्या सुमाराला माळावर उष्णतेच्या लहरी उठायला लागल्या. त्यानंतर लांबचा कुठलाही फोटो कितीही महागड्या लेन्सने शार्प येत नाही. डबे उघडले.

दुसऱ्या गाडीला क्रॉसिंग मिळालं होतं. पूर्ण, वीस मिनिटांचं, मगरीसकट. जेवणाच्या वेळी त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. फोटोही उत्तम, यात वाद नाही. साहेब माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत, पण भाजी वाढून घेताना चमचा जरा जोरात आपटला.

संध्याकाळी जेवणाच्या तंबूत लॅपटॉपवर निवड करायची आमची पद्धत आहे. मी गाईडनाही बोलावतो. भाऊ ताटात सांगलीची लसणाची चटणी घेऊन येऊन बसला. डॉक्टरांचे फोटो सरकू लागले: पाडसाचा डोळा, पिल्लाचे दात, उडालेली माती, सगळं कडक शार्प. तो बघत होता, चटणी खात होता. मग त्याने विचारलं, ‘आई कुठे आहे?’

आई कुठेच नव्हती. आम्ही सगळे पाडसाला धरून बसलो होतो. तो म्हणाला, पिल्लं खेळत असताना ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती सगळा वेळ माळ न्याहाळत होती, तरस येतंय का, सिंह येतोय का. पाडस मोकळं सोडणं म्हणजे आवाज, आवाज म्हणजे धोका. तरीही तिने ते केलं. ‘मी गाडी तिरकी लावली ती यासाठी. पिल्लं आणि आई एका चौकटीत यावीत म्हणून.’

बाई म्हणाल्या, ‘माझ्यात असेल हो, मला ते जवळून बघवेना म्हणून मी झूम मागे घेतला होता.’

होता. त्यांच्या छोट्या सेन्सरचा, जरा खरखरीत, पण होता. पुढे तिघं पिल्लं आणि पाडस, मागे आई पाठ ताठ करून, मान वळवलेली, नजर चौकटीबाहेर. सूर्य आमच्या पाठीमागून, त्यामुळे तिच्या गालावरच्या काळ्या रेघासुद्धा स्वच्छ. त्यातलं फ्रेमिंग बाईंचं. अंतर, कोन, प्रकाश, मागचा मोकळा माळ, सगळं त्या माणसाने तासभर आधी लावून ठेवलेलं. आपल्याकडे फोटोखाली कॅमेरा लिहितात, लेन्स लिहितात, आयएसओ लिहितात. गाडी कोणी लावली ते कोणी लिहीत नाही. बाईंनी लिहिलं, न सांगता. त्यानंतर मी ग्रुपमधल्या प्रत्येकाला लिहायला लावतो. काही जण कुरकुरतात, ‘मग माझं काय राहिलं?’ बरंच राहतं, पण तो वाद मी घालत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साहेब गाडीपाशी सगळ्यांच्या आधी हजर. मला ओलांडून भाऊपाशी गेले. ‘आज कुठली लेन्स?’ त्याने आकाशाकडे बघितलं, म्हणाला, ‘दोन्ही बाहेर ठेवा. आज नदी.’

आम्ही सातला काठावर पोचलो. उजेड, जागा, कोन, सगळं बिनचूक. पहिली रांग. समोर हजारो विल्डबीस्ट, पुढचे पाण्याला नाक लावून परत फिरतायत, मागचे ढकलतायत. आठ, नऊ, अकरा वाजले. काठावर गाड्यांची दाटी झाली, दादर स्टेशनबाहेर टॅक्सी लागतात तशी. दीड वाजता एक झेब्रा पाण्यात उतरला, त्याला काही पटलं नाही, वळला, आणि सगळा कळप आल्या पावली माघारी निघून गेला. भाऊने हात वर केले. साहेबांची तोवर उकडलेली अंडी संपली होती, आणि ते शेजारच्या गाडीतल्या एका अनोळखी गोऱ्या माणसाला खुणा करून सांगत होते की मोठी ठेवा, छोटी काढा.